वर ऊन आहे

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी बजावून सांगितलं, चौकशी संपेपर्यंत या प्रकरणाबद्दल कोणाशी अवाक्षर बोलायचं नाही. मी मान डोलावली. बाहेर आल्यावर मात्र हसू आलं. घरी मी, चार भिंती आणि एक कुरकुरणारा फ्रिज. बोलणार कोणाशी? पण बोलू नको म्हटलं की माणसाला बोलावंसं वाटतंच. म्हणून कपाटातली ही कोरी डायरी काढली. लिहिणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

मी विमानं हाकतो. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, आमचं उलटं आहे, आम्ही खाली बसून उंट हाकतो. बिनखिडकीची अंधारी खोली, समोर पडदा, पडद्यावर ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक विमान. आकाशाचे आम्ही तुकडे पाडले आहेत. एक तुकडा माझा, त्याच्या शेजारचा दुसऱ्या गावातल्या खोलीत बसणाऱ्या पलीकडच्याचा. विमान हद्दीजवळ आलं की मी वैमानिकाला पुढची फ्रिक्वेन्सी सांगतो, तो बटण फिरवतो आणि माझ्या कानातून निघून पलीकडच्याच्या कानात जाऊन बसतो. दोन विमानांत पाच मैल ठेवायचे, ते जमत नसेल तर वरखाली हजार फूट. बाकी सगळी पोथ्यापुराणं याच एका वाक्यासाठी.

शुक्रवारी दुपारी हे अंतर राहिलं नाही. रोजचं मालवाहू विमान हद्द ओलांडून पलीकडे गेलं, पण त्याचा वैमानिक अजून माझ्याच फ्रिक्वेन्सीवर होता. पलीकडच्याने खालून एक प्रवासी विमान वर चढवलं होतं. मालवाहूला वळवायला तो बघत होता, पण त्याचा आवाज मालवाहूपर्यंत पोचणार कसा? शेवटी दोन्ही विमानांतल्या धोक्याच्या यंत्रणा बोंबलल्या, एक वर गेलं, एक खाली. दीड मैल आणि चारशे फूट, इतक्या जवळून गेली. दोन्ही विमानं सुखरूप उतरली. प्रवासी विमानातल्या एका हवाई सुंदरीच्या मनगटावर किटलीतला चहा सांडला, एवढंच.

मालवाहूला पुढे द्यायला मला सवड मिळाली नाही, कारण फ्रिक्वेन्सीवर तोबा गर्दी होती. जबाबात हेच लिहिणार आहे. पलीकडच्याने आधी फोन केला होता म्हणा, पण त्याचा फोन सारखाच असतो. मास्तर हे लवकर द्या, मास्तर ते वर ठेवा. रोज लांडगा आला म्हणणाऱ्याचं किती मनावर घ्यायचं?

आमच्यात एक रीत आहे. असं काही घडलं की कोणी ओरडत नाही, विचारत नाही. मागून खांद्यावर हात पडतो. तुम्ही हेडसेटची वायर काढून उठता, मागचा माणूस आपली वायर खोचतो, तुमच्या कोमट खुर्चीत बसतो आणि तुमचीच विमानं हाकायला लागतो. मी स्वतः दोघा-तिघांच्या खांद्यावर असा हात ठेवला आहे. त्यांना काय वाटलं असेल याचा कधी विचार केला नव्हता. शुक्रवारी साहेबांचा हात पडला तेव्हा, खरं तेच लिहायचं तर, पहिल्या क्षणी बरं वाटलं. कोणीतरी हात ठेवला म्हणून. मग कळलं, हात कशाचा आहे.

गुरुवार, ७ मार्च

आठवडाभर घरी बसायचा हुकूम आहे. पहाटे पाचला जाग येते ती येतेच. गजराला काय माहीत, मालकाचं काम काढून घेतलंय ते.

फ्रिज पुसला. आईच्या खोलीतला पंखा पुसला. आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या खोलीत मी इस्त्रीचं टेबल ठेवलं आहे, म्हणजे खोली वापरात आहे असं म्हणता येतं.

दुपारी गच्चीवर गेलो, पाण्याची टाकी बघायला. टाकी भरलेली होती. वर गेलोच होतो म्हणून जरा थांबलो. थोड्या वेळाने तो मालवाहू गेला, पांढरी रेघ ओढत, अगदी वेळेवर.

त्याच्या कप्तानाला मी म्हातारा म्हणतो. कधी पाहिलेलं नाही, आवाजावरून साठीच्या घरातला वाटतो. आठवड्यातले तीन-चार दिवस तरी तोच असतो. फ्रिक्वेन्सीवर कामापलीकडे बोलायचं नसतं, पण ती दुपारची वेळ सुस्त असते. हद्द जवळ आली की म्हातारा विचारतो, "काय म्हणतंय खाली?" मी म्हणतो, "खाली ठीक. वर?" तो म्हणतो, "वर ऊन आहे." मग मी पुढची फ्रिक्वेन्सी देतो आणि तो जातो. आमच्या खोलीला खिडकी नाही, तेव्हा ही माहिती तशी उपयोगाचीच म्हणायची. हे कधी सुरू झालं नीट आठवत नाही. आई गेल्यावर मी रजेवरून परतलो, त्या सुमारास असेल.

शुक्रवारी तर तो हे विचारायलासुद्धा विसरला. यावरूनच कळावं, गर्दी किती होती.

रविवार, १० मार्च

ताईचा फोन. तिचा फोन रविवारी सकाळी येतो, त्यात खंड नाही. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण बोलते साठ वर्षांनी मोठी असल्यासारखी. पन्नाशी उलटली तरी तिच्या लेखी मी बाळ्याच.

"काय चाललंय बाळ्या?"

"बरं चाललंय."

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

"मी म्हणत होते, आईच्या खोलीचं काय ते एकदा..."

"ताई, शिफ्ट आहे. निघतोच आहे. ठेवू?"

"ठेव बाबा, तुझी ती शिफ्ट म्हणजे सवतच आहे माझी."

ठेवला. शिफ्ट नव्हती हे उघड आहे, पण प्रकरणाबद्दल बोलायला बंदी आहे आणि ताईला सुगावा लागला की ती पहिल्या गाडीने येऊन उभी राहील. शिवाय फोनवर लांबण लावणं मला जमत नाही, धंद्याची सवय. जे सांगायचं ते सांगावं आणि माणसाला वाटेला लावावं.

दुपारी टाकी बघून आलो.

मंगळवार, १२ मार्च

आजपासून कार्यालयात यायचं, पण बोर्डावर, म्हणजे पडद्यासमोर, बसायचं नाही. तळमजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत मला एक टेबल दिलं आहे. कालबाह्य नकाशांवर 'रद्द' असा शिक्का मारायचा. अडगळीनेच अडगळ रद्द करावी, अशी साहेबांची योजना दिसते.

उपाहारगृहात गेलो तर मला गोवर निघाल्यासारखं सगळे दोन हात लांब. वाईट कोणी वागलं नाही. उलट फारच चांगलं वागले. एकाने माझा ट्रे उचलून ठेवला. ज्याला मी बोट धरून हे काम शिकवलं तो समोर बसला, माझ्याकडे बघून हसला, आणि म्हणाला, "मास्तर, साखर देता जरा?" मी दिली. त्याने चहात घातली नाही. बिनसाखरेचा पितो तो, माझ्या लक्षातच नव्हतं. तेवढंच बोलायला सापडलं असणार त्याला.

मी जबाब देऊन टाकला आहे. एक परिच्छेद. फ्रिक्वेन्सीवरील गर्दीमुळे विमान हस्तांतरित करण्यास विलंब झाला. वाचून पाहिलं, चोख वाटलं.

सोमवार, १८ मार्च

आज ध्वनिमुद्रण ऐकवलं.

चौकशीला एक बाई आल्या आहेत. माझ्याहून तरुण, चष्मा कपाळावर चढवलेला. मला वाटलं प्रश्नांचा भडिमार होईल. त्या म्हणाल्या, "तुमचा जबाब वाचला. आता नुसतं ऐका. मध्ये बोलायचं असेल तर हात वर करा." शाळेसारखं. मी मनात म्हटलं, ऐकवा, गर्दी ऐकलीत की तुमचीच खात्री पटेल.

आधी दोन खोल्यांमधल्या फोनचं मुद्रण. पलीकडचा म्हणतो, "मास्तर, मालवाहू आज जरा लवकर द्या. खालून एक चढवायचंय, मला तो वळवायला लागेल." आणि मी म्हणतो, "देतो."

देतो म्हटलं होतं मी. ते आठवत होतं का? आठवत होतं, आणि नव्हतंही. लांडगा आला, असं मी वर लिहिलं आहे. त्याने 'आज' म्हटलं होतं. रोजच्या फोनमध्ये तो 'आज' म्हणत नाही.

मग फ्रिक्वेन्सी. गर्दी होती, खोटं नाही. एकापाठोपाठ एक सहा-सात विमानं बोलली, मी प्रत्येकाला उत्तरं दिली. माझा आवाज ऐकायला बरा होता. जो शिकवतो तो असाच बोलतो. आणि मग काहीच नाही. नुसती खरखर. मी हात वर केला. "टेप अडकली का?"

बाई म्हणाल्या, "नाही. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे."

ती मोकळीच राहिली. जेवढ्या वेळात फ्रिक्वेन्सी सांगून, ती वैमानिकाने परत म्हणून, बटण फिरवून पुढे 'नमस्कार' घालून झाला असता, त्याहून किती तरी जास्त वेळ. आम्ही तिघं, बाई, साहेब आणि मी, ती खरखर ऐकत बसलो होतो. मी पुढच्या आवाजाची वाट पाहत होतो. दुसऱ्या कोणा विमानाने मध्ये तोंड घातलं असेल, असं मला अजूनही वाटत होतं.

पुढचा आवाज माझा होता. मी मालवाहूचं नाव घेतो आणि म्हणतो, "आज विचारलं नाहीत खालचं?"

हसल्यासारखा म्हातारा म्हणतो, "अरे हो, विसरलोच. काय म्हण..."

आणि त्याच्या मागे यंत्रणेचा तो बायकी आवाजातला हुकूम ऐकू येतो, चढा, चढा. म्हाताऱ्याचा आवाज एकदम वेगळाच होतो, कोरडा. "चढतोय. यंत्रणेचा हुकूम." मग मी काहीतरी बोलतो. ते मला कळलं नाही, माझंच असून.

बाईंनी टेप थांबवली. "हे वैमानिक तुमच्या ओळखीचे आहेत?"

"नाही."

"नातेवाईक?"

"नाही."

"कधी भेटलात? फोनवर बोलणं वगैरे?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, पाणी मिळेल का. साहेबांनी स्वतः उठून दिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

ते वाक्य मी बोललो हे मला आठवत नाही. आवाज माझा आहे, शब्द माझे आहेत, पण मी असं बोलणाऱ्यांतला नाही. घरी येताना जिन्यात मोठ्याने म्हणून बघितलं. आज विचारलं नाहीत खालचं. भिकाऱ्यासारखं वाटतं.

बुधवार, २० मार्च

गच्चीवर गेलो नाही. टाकी भरलेली असणार.

शनिवार, २३ मार्च

नकाशांच्या खोलीच्या दारात एक बुटका, टकला माणूस येऊन उभा राहिला. पोट सुटलेलं, हातात हेल्मेट. "मास्तर?" म्हणाला, आणि एका शब्दात मी त्याला ओळखलं. पलीकडचा. अकरा वर्षं रोज आम्ही फोनवर बोललो, त्याचा सर्दीचा आवाज, भांडून आलेल्या दिवसाचा आवाज, सगळं मला पाठ, आणि फोनवरून मला तो उंच वाटायचा.

त्याचीही चौकशी झाली. तो सुटला. सुट्टीच्या दिवशी दोन तास दुचाकी हाकत आला होता. आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर चहा घेऊन बसलो.

"बोलायला बंदी आहे," मी म्हटलं.

"माझी उठलीय. मी बोलतो, तुम्ही चहा प्या."

त्याने निम्मा चहा संपवला. मग म्हणाला, "मी त्याला हाका मारत होतो, मास्तर. माहीत होतं तो माझ्याकडे नाही, तरी मारत होतो. रिकाम्या घराचं दार वाजवावं तसं. अजून रात्री तेच करतो म्हणे. बायको सांगते."

मी चहा प्यायलो.

"एक सांगू का? रागावू नका. तुम्ही सगळ्यांना लवकर देता. तुमच्याइतकं व्यवस्थित कोणी देत नाही. फक्त हा म्हातारा आमच्याकडे यायचा तो हद्दीला नाक लागल्यावर. रोज. आमच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. हसायची पोरं. मास्तर म्हाताऱ्याला दारापर्यंत सोडायला येतात म्हणायची."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी म्हटलं, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तुम्ही ते बंद केलं असतं." त्याने रिकामा कप कट्ट्यावर उपडा ठेवला. "मला वाटलं, माणूस दिवसातनं एकदा दोन शब्द बोलतोय, बोलू दे. माझीपण चूकच होती ती. त्या किटलीवाल्या मुलीला मी फोन केला होता. फोड आलाय एवढा मोठा. हसत होती फोनवर. मला हसणं ऐकवेना."

जाताना हेल्मेट घालून परत माझ्याकडे वळला. "म्हातारा एप्रिलअखेरीस निवृत्त होतोय. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मी म्हटलं, "मला काय करायचंय?"

"ते पण खरंच," तो म्हणाला आणि गेला. जेवायला थांब म्हणायला हवं होतं, तो वळणावर दिसेनासा झाल्यावर सुचलं.

मंगळवार, २ एप्रिल

बाईंनी बोलावलं होतं. मी आधीच म्हटलं, जबाबातलं एक वाक्य बदलायचं आहे. गर्दीमुळे, हा शब्द काढा.

"त्याजागी काय घालू?"

"सवड होती, असं घाला. सवड होती आणि दिलं नाही."

"कारण?"

हे कारण कसं लिहितात ते मला माहीत नव्हतं. त्यांच्या कागदावर कारणांसाठी चौकोन होते. थकवा. आजार. यंत्रदोष. प्रशिक्षणाचा अभाव. माझं त्यातलं एकही नाही. मी म्हटलं, "त्याने विचारायची वाट बघत होतो." स्वतःबद्दल असं काही बोललो ते पंचवीस वर्षांच्या नोकरीत कार्यालयात पहिल्यांदा. फार लाज वाटली.

बाईंनी चौकोनांपैकी कशावरही खूण केली नाही. चष्मा डोळ्यांवर घेतला. "घरी कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"फ्रिज," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. आजवर या विनोदाला सगळे हसत आले आहेत.

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. या वयात मला मेजावरचं काम मागता येईल, कोणी नावं ठेवणार नाही. किंवा पुन्हा सराव, मग बोर्डावर परीक्षा, शेजारी परीक्षक. त्यात चुकलो तर परवाना कायमचा जाईल. मी बोर्ड मागितला. हे एकच काम मला येतं, ते गेलं तर सकाळी पाचला उठून मी करणार काय?

"पुन्हा तोच आवाज आला तर?"

"पुढे देईन."

"तो काही विचारत असला तरी?"

"पुढे देईन," मी म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला अंडी उकडली आणि खायची विसरलो. मालवाहूच्या वेळा सगळ्यांना माहीत असतात. परीक्षा दुपारच्या पाळीतच ठेवतील, मला ठाऊक आहे. एप्रिलअखेरीच्या आत ठेवावी, असं एकीकडे वाटतं. का वाटतं ते बाईंच्या चौकोनात बसलं नसतं.

गुरुवार, ११ एप्रिल

सराव सुरू आहे. पडदा खरा, विमानं खोटी. शेजारच्या खोलीत बसून एकच प्रशिक्षक सगळ्या वैमानिकांचे आवाज काढतो, जाडा, बारीक, नाकातला. दहा विमानं आणि माणूस एकच. पहिले दोन दिवस मजा वाटली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, यातला एकही मला ओळखत नाही.

मी विमानं इतकी लवकर पुढे देतोय की प्रशिक्षक वैतागला. "मास्तर, विमानं आहेत ती, नकोसे पाहुणे नाहीत. जरा बसू द्या, पाणी तरी विचारा." मग जीभ चावली त्याने. सगळ्यांना कळलं आहे तर.

रविवारी ताईचा फोन आला होता. म्हणाली, आवाज बसलाय तुझा. मी म्हटलं, बरं चाललंय, शिफ्ट आहे, ठेवतो. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, मी तिला तिचं कधी विचारलेलंच नाही. तिच्या गुडघ्याचं काहीतरी होतं मागच्या वर्षी. उजव्या की डाव्या, तेही आठवेना.

सोमवार, २९ एप्रिल

आज परीक्षा.

खोलीत शिरलो तेव्हा अंधाराला डोळे सरावायला वेळ लागला. पूर्वी लागत नसे. खुर्ची कोणीतरी उंच करून ठेवली होती, ती माझ्या मापाला आणली. वायर खोचली. परीक्षक शेजारी, त्याचीही वायर माझ्याच जोडणीत, म्हणजे माझा श्वाससुद्धा त्याला ऐकू जाणार. मागे साहेब उभे होते. ज्याला साखर दिली होती तो बोर्ड माझ्या हाती देऊन उठला. विमानं एकेक करून समजावली, मीच शिकवलं होतं तसं, काही न गाळता. उठताना म्हणाला, "तुमचं आकाश, मास्तर." हे वाक्य आम्ही रोज म्हणतो. आज ऐकताना अंगावर काटा आला.

पहिला तास बरा गेला. हात आपणहून चालत होते. मग दुपार सुस्तावली, पडद्यावर चारच ठिपके उरले, आणि पाचवा कडेने आत आला. मालवाहू.

"नमस्कार," म्हातारा म्हणाला. आपलं नाव, आपली उंची. त्यानंतर क्षणभर थांबला. मी फक्त त्याच्या नावाला उत्तर दिलं होतं, पण माझा आवाज त्याने ओळखला हे मला कळलं. दोन महिने त्याला इथे दुसऱ्यांचे आवाज भेटत होते.

पलीकडच्याचा फोन आला नाही. त्याने मुद्दामच केला नसणार.

हद्द अजून लांब होती. फ्रिक्वेन्सी मोकळी होती, तशीच खरखर. देण्याची वेळ झाली म्हणून मी बटणाकडे बोट नेलं, तेवढ्यात म्हातारा आधी बोलला.

"काय म्हणतंय खाली?"

शेजारी परीक्षक हलला नाही. मागे साहेबांचा बूट वाजला. महिना संपायला, म्हणजे म्हातारा निवृत्त व्हायला, एक दिवस राहिला आहे. उद्या मी बोर्डावर नाही. हे मला त्या क्षणी लख्ख माहीत होतं. म्हाताऱ्यालाही माहीत असणार, नाहीतर इतक्या लांबून त्याने कशाला विचारलं असतं?

मी बटण दाबलं. त्याचं नाव घेतलं आणि पुढची फ्रिक्वेन्सी दिली. एवढंच. आवाज चांगला लागला, शिकवणाऱ्यासारखा.

तो काही वेळ बोलला नाही. फार नव्हे. मग त्याने आकडे बिनचूक परत म्हटले, नमस्कार म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने ठिपक्याचा रंग बदलला, म्हणजे पलीकडच्याला मिळाला. मग तो ठिपका माझ्या आकाशातून बराच वेळ सरकत होता, दिसत होता, पण माझा नव्हता. वर ऊन होतं की नाही मला कळलं नाही.

पाळी संपल्यावर परीक्षकाने सही केली. साहेब म्हणाले, "अभिनंदन, मास्तर," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी दचकलो. तेही दचकले.

घरी आलो तेव्हा उजेड होता. आईच्या खोलीत गेलो, इस्त्रीचं टेबल मिटून भिंतीला लावलं आणि तिच्या पलंगावर बसलो. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ऊन पडलेलं दिसत होतं. बसल्या बसल्या ताईला फोन लावला.

तिने पहिल्याच घंटीला उचलला. "काय झालं रे? आज रविवार नाही."

"काही नाही झालं." पुढे काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मग एकच येत होतं ते विचारलं. "काय म्हणतंय तिकडे?"

ती गप्प झाली. ताई गप्प झालेली मी आईच्या वेळी ऐकली होती, त्यानंतर आज. "तिकडे म्हणजे? माझ्याकडे?"

"तुझ्याकडे. गुडघा कसा आहे?"

"कुठला?" म्हणाली, आणि मग सुटलीच. गुडघे आता दोन्ही दुखतात. जिना चढताना मोजून चढते. शेजारीण वर्षभरापूर्वी घर विकून गेली, त्यानंतर त्या घराला कुलूप आहे, संध्याकाळी जिन्यात कोणी भेटत नाही, म्हणून ही भाजीवाल्याशीच अर्धा तास घालवते आणि नको असलेली भाजी घेऊन येते. भाजी सडते. रविवारची वाट बघते. सगळं तिने हसत सांगितलं. मी ऐकत होतो. माझ्यासारखीच हसते ती, विनोद करून झाल्यावर किंचित थांबते, समोरचा हसतोय का बघायला.

मग तिने विचारलं, "आणि तिकडे काय म्हणतंय?"

मी तोंड उघडलं, पण शब्द काही येईनात. किती वेळ गेला कोण जाणे. तिला वाटलं नेहमीचंच.

"बरं, ठेवते मी," ती म्हणाली. "तुझी शिफ्ट असेल."

"शिफ्ट नाही," मी म्हटलं. "ठेवू नकोस, ताई."